पेट्रामुळे वाळवंट पिकतं, की वाळवंट पिकलं म्हणून पेट्रा?

इयरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, नाहीतर जेवून गादीवर आडवे झाला असाल, कुठेही असा, स्वागत आहे. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी: हे बोललेलंच लिहून काढलंय, त्यामुळे मधेच गाडी रुळावरून उतरली तर सांभाळून घ्या.

आजची सुरुवात एका पराभवाने. माझ्याच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे दीड वाजलेत, फोन चार्जिंगला लावलेला, इतका तापलाय की त्यावर पापड भाजून निघेल, आणि मी 'अजून एकच टर्न' म्हणत सिव्हिलायझेशन सिक्स खेळतोय. माझं तिसरं शहर वाळवंटाच्या काठावर वसवलं होतं. एका बाजूला थोडी शेतीची जमीन, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या, आणि मधे एक, फक्त एक, सपाट वाळवंटी टाइल. तिला लागून दोन डोंगर. ज्यांनी हा गेम खेळलाय ते आत्ताच गालात हसले असतील. डोंगराशेजारी कॅम्पस ठेवला की विज्ञानाचा बोनस मिळतो. दोन डोंगर, दोन पॉइंट. मी काय केलं? डोळे झाकून कॅम्पस तिथेच टाकला.

वीसेक टर्न गेले. गणिताचा शोध लागला आणि यादीत पेट्रा आलं. पेट्रा हे त्या गेममधलं बहुतेकांचं लाडकं वंडर. ज्या शहरात ते बांधाल, त्या शहराच्या वाळवंटी टाइल सोन्यासारख्या पिकायला लागतात: प्रत्येकीवर २ अन्न, २ सोनं, १ उत्पादन जास्त. माझ्याकडे वाळवंटच वाळवंट. मी खूश. मग अट वाचली. पेट्रा टेकडीवर बांधता येत नाही. सपाट वाळवंट किंवा नदीकाठची पूरभूमी हवी. नदी नव्हतीच. आणि सपाट वाळवंटाची माझी एकुलती एक टाइल कॅम्पसच्या खाली गाडलेली.

आता तुम्ही म्हणाल, पाड की मग कॅम्पस. नाही पाडता येत. त्या गेमचा हाच तर दगडावरचा नियम आहे. एकदा डिस्ट्रिक्ट ठेवला की ठेवला. शत्रूने लुटला तर डागडुजी करता येते, पण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, पुसून टाकता येत नाही. ते शहर लोकसंख्या चारच्या पुढे गेलंच नाही. दहा टर्नांनी बातमी आली की कुठल्यातरी दूरच्या राजाने पेट्रा बांधून पूर्णसुद्धा केलं. मी फोन उलटा ठेवला आणि झोपलो.

झोप काही लागली नाही. डोक्यात एकच प्रश्न. खऱ्या पेट्रावाल्यांनी नेमकं काय केलं होतं? म्हणजे, भर वाळवंटात शहर ठेवायचं, ते चालवायचं, आणि वर डोंगरात कोरीव इमारती काढायच्या, हे जमलं कसं? त्या प्रश्नातूनच आजचा भाग निघालाय.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांत पार्श्वभूमी. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी पहिलं सिव्हिलायझेशन काढलं, मायक्रोप्रोज कंपनीकडून. तेव्हा शहर म्हणजे नकाशावरचा एक चौकोन. पिरॅमिड असो, झुलत्या बागा असोत, ग्रेट लायब्ररी असो, सगळं त्या एका चौकोनाच्या पोटात. आजीच्या ट्रंकेसारखं, आत काय काय कोंबलंय ते बाहेरून कळायचं नाही. बर्फाळ टुंड्रात पिरॅमिड बांधलात तरी कुणी विचारायचं नाही. पुढची पंचवीस वर्षं थोड्याफार फरकाने असंच चाललं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फिराक्सिसचा सहावा भाग आला, त्याचा मुख्य डिझायनर एड बीच, आणि त्या लोकांनी ती ट्रंक उघडून सगळं अंगणात मांडलं. विद्यापीठांचा भाग एका टाइलवर, बाजारपेठ दुसऱ्या, देवस्थान तिसऱ्या, आणि प्रत्येक वंडरला स्वतःची टाइल. तीच टाइल, जिथे कदाचित तुमचं उत्तम शेत होतं. शहराच्या भोवती तीन वेढे, म्हणजे ३६ टाइल, आणि त्यांतच सगळा संसार. पुढे हाच गेम फोनवर आला, आयफोनवर २०१८ मध्ये, अँड्रॉइडवर २०२० मध्ये, आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांच्या झोपेचं खोबरं झालं.

या बदलाने एक मोठी गोष्ट केली. आधी प्रश्न असायचा 'काय बांधू?' आता प्रश्न झाला 'कुठे बांधू?' बाजारपेठ नदीकाठी ठेवली तर फायदा. देवस्थान डोंगराच्या कुशीत. माचू पिच्चू थेट डोंगराच्याच टाइलवर. ग्रेट लायब्ररी कॅम्पसला चिकटून, आणि त्या कॅम्पसमध्ये आधी साधी लायब्ररी असलीच पाहिजे. थोडक्यात, शेजार महत्त्वाचा. आपल्याकडे घर घेताना आई सगळ्यात आधी काय विचारते? शेजारी कोण आहे, आणि पाणी किती वेळ येतं. गेमवाल्यांना पहिला प्रश्न फार छान जमलाय. दुसरा अर्धाच जमलाय, आणि मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

चला पेट्राला.

आजच्या जॉर्डन देशाच्या दक्षिण भागात, वाळूखडकाच्या डोंगरांमध्ये ही दरी आहे. पहिली गंमत इथेच. गेम म्हणतो, पेट्रा टेकडीवर चालणार नाही, सपाटच हवं. आणि खरं पेट्रा? ते डोंगरातच कोरलेलं आहे! त्याची सगळ्यात प्रसिद्ध इमारत, जी तुम्ही इंडियाना जोन्सच्या सिनेमात पाहिली असेल, ती कड्यात वरून खाली कोरत आणलेली, जवळजवळ चाळीस मीटर उंच. म्हणजे माझ्या त्या वाळूच्या टेकड्या खऱ्या नबातींना चालल्या असत्या. गेमला चालल्या नाहीत. असो, माझं दुःख माझ्यापाशी.

हे नबाती लोक कोण? मूळचे अरबस्तानातले भटके. दक्षिण अरबस्तानातून धूप, ऊद, सुगंधी डिंक उंटांवर लादून भूमध्य समुद्राकडे नेणारे. त्यांच्याबद्दलची एक जुनी नोंद डिओडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकाराची आहे. तो लिहितो ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, पण सांगतो त्याच्याही आधीची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरची गोष्ट, अलेक्झांडरच्या एका सेनापतीने या लोकांवर हल्ला केला तेव्हाची. आणि काय सांगतो? की या लोकांमध्ये धान्य पेरायचं नाही, फळझाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही, असा कायदा होता. मोडला तर मृत्युदंड. का? कारण घर आणि शेत असलं की माणूस अडकतो, आणि अडकलेल्या माणसाला कुणीही ताकदवान येऊन वाकवतो.

जरा थांबून विचार करा यावर. ज्या लोकांना घर बांधणं हाच गुन्हा होता, त्यांनीच पुढच्या तीनशे वर्षांत पेट्रा उभं केलं.

मग त्यांच्याकडे आधीपासून असं काय होतं? तेही डिओडोरसच सांगतो. पाणी लपवायची विद्या. ते वाळवंटात जमिनीखाली टाक्या खोदायचे. तोंड अगदी लहान, आत मात्र रुंद होत गेलेली. आतून गिलावा. पावसाचं पाणी भरलं की तोंड बुजवून जमीन सपाट करायची आणि खूण अशी ठेवायची की फक्त आपल्यालाच कळावी. शत्रू मागे लागला की हे आत वाळवंटात पळायचे, आणि शत्रू पाण्यावाचून परत जायचा. म्हणजे यांचा किल्ला काय होता? पाणी कुठे आहे ही माहिती.

आता पेट्राच्या जागेकडे बघू. गेमच्या भाषेत ही टाइल कशी आहे? वर्षाला पाऊस साधारण १५० मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी. आपल्या मराठवाड्याला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही सरासरी याच्या चौपटीहून जास्त पाऊस पडतो. पण हा १५० मिलिमीटर सावकाश पडत नाही. वर्षातून मोजक्या वेळा येतो आणि आला की झोडपतो. आजूबाजूचे डोंगर उघडे, खडकाळ, पाणी मुरवायला माती नाही. त्यामुळे सगळं पाणी घळींतून धावत सुटतं आणि नेमकं दरीत शिरतं, जिथे शहर आहे. म्हणजे ही जागा एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मारणारी. वर्षभर तहान, आणि दोन-चार दिवस पूर.

शहरात शिरायचा मुख्य रस्ता म्हणजे सिक. हा एक अरुंद चिरा आहे डोंगरातला, साधारण सव्वा किलोमीटर लांब, काही ठिकाणी इतका अरुंद की दोन उंट जेमतेम शेजारून जातील. दोन्ही बाजूंना उंच कडे. फोटोत दिसतो ना, त्या अंधाऱ्या फटीतून एकदम गुलाबी इमारत उघडते, तोच. आता डोंगरावर पाऊस पडला की ते पाणी याच चिऱ्यातून शहरात घुसणार. नबातींनी काय केलं? सिकच्या तोंडावर बंधारा घातला आणि शेजारच्या डोंगरातून ऐंशीहून अधिक मीटर लांबीचा बोगदा खोदला, म्हणजे पुराचं पाणी त्या वाटेने दुसऱ्या घळीत वळेल. दोन हजार वर्षांपूर्वी, छिन्नी-हातोड्याने.

आणि त्याच सिकच्या भिंतींवर, चालताना बहुतेक पर्यटक ज्याच्याकडे बघतही नाहीत, तिथे खरं वंडर आहे. एका भिंतीला खडकात कोरलेला पाट. दुसऱ्या भिंतीला खाचेत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या, एकात एक अडकवून. हे पाणी यायचं कुठून? काही किलोमीटरवरच्या मूसाच्या झऱ्यातून. उतार बेताचा ठेवलेला, कारण पाणी फार जोरात आलं तर नळ्या फुटतात आणि फार हळू आलं तर गाळ बसतो. तरी गाळ येणारच, म्हणून मधे मधे तो खाली बसवायला हौद. वाटेत, कड्यांत, घरांखाली, पावसाचं पाणी धरायला टाक्या. शेकड्याने सापडल्या आहेत. या सगळ्याच्या जिवावर तिथे अंदाजे वीस ते तीस हजार माणसं राहत होती. स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो की पेट्राच्या आत घरासाठी आणि बागांसाठी झऱ्यांचं भरपूर पाणी आहे. बागांसाठी! १९९८ मध्ये उत्खनन करणाऱ्यांना शहराच्या मधोमध एक भलामोठा तलाव आणि त्याला लागून बाग असल्याचं सापडलं. आधी त्या जागेला बाजार समजत होते. वाळवंटातून उंटावर आलेला, ओठ फुटलेला व्यापारी त्या अंधाऱ्या चिऱ्यातून बाहेर आला, पुढे गेला, आणि समोर तलाव. काय वाटलं असेल त्याला! सौदा करायला बसायच्या आधीच नबातींनी अर्धा जिंकलेला.

आता त्या प्रसिद्ध इमारतीबद्दल. तिचं स्थानिक नाव अल खझने. ओळखीचा शब्द वाटतो ना? आपला खजिना. त्याच अरबी मुळाचा. वर जो दगडी कलश आहे त्यात सोनं लपवलंय अशी समजूत होती, आणि कलश फुटावा म्हणून लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. खुणा अजून आहेत. कलश भरीव दगडाचा निघाला. आणि इमारत? ती खजिना नव्हतीच. अभ्यासकांचं मत असं की ती एका राजाशी, बहुधा चौथा आरेतास या नबाती राजाशी जोडलेली समाधी असावी. खाली थडगीसुद्धा सापडली आहेत. म्हणजे जगभरातले लोक ज्याचा सेल्फी काढतात ते मेलेल्यांचं घर आहे. जिवंत माणसांचा खजिना शेजारच्या भिंतीवर होता, मातीच्या नळीत.

आणि इथे मला गेमशी भांडायचंय. गेम म्हणतो: पेट्रा बांध, मग वाळवंट पिकेल. इतिहास म्हणतो: आधी वाळवंट पिकवायला शीक, तीनशे वर्षं टाक्या खोद, पाट काढ, बोगदा कोर, मग उरलेल्या पैशातून आणि उसंतीतून पेट्रा होईल. गेमने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलीय. पेट्रा बांधायला गेममध्ये ॲक्विडक्टची अट नाही, बंधाऱ्याची नाही, झऱ्याची नाही. फक्त सपाट वाळू हवी. वंडर म्हणजे नारळ फोडला की प्रसाद, अशी ती व्यवस्था.

हे फक्त गेमचं आहे का? नाही हो. तिसऱ्या-चौथ्या वर्गापासून आपण इतिहास असाच शिकतो. अमुक राजाने तमुक इमारत बांधली आणि राज्य भरभराटीला आलं. इमारतीचा फोटो छापता येतो, नळाचा कोण छापणार?

नळ विसरला की काय होतं, तेही पेट्रातच दिसलं. रोमनांनी १०६ मध्ये हे राज्य आपल्या साम्राज्याला जोडलं. व्यापाराच्या वाटा हळूहळू दुसरीकडे गेल्या. ३६३ मध्ये मोठा भूकंप झाला, बऱ्याच इमारती पडल्या, पाण्याच्या व्यवस्थेलाही फटका बसला. शहर पूर्ण मेलं नाही, पण आटत गेलं. बंधारा, बोगदा यांची देखभाल करायला कुणी उरलं नाही. मग थेट १९६३ ला या. एप्रिल महिना. फ्रेंच पर्यटकांचा एक गट सिकमधून चाललाय. डोंगरावर पाऊस पडला. पाण्याला वळवणारी ती जुनी व्यवस्था कामातून गेलेली. लोंढा सिकमध्ये शिरला आणि वीसहून अधिक माणसं बुडून मेली. वाळवंटात. बुडून. त्यानंतर सरकारने सिकच्या तोंडाशी पुन्हा बंधारा बांधला. कुठे? नबातींनी बांधला होता साधारण तिथेच. दोन हजार वर्षांनी इंजिनिअर आले आणि त्यांनाही तीच जागा सापडली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं.

आणखी एक गोष्ट गेम दाखवत नाही. टाइलवर आधीपासून कोण राहतं ते. पेट्राच्या गुहांमध्ये पिढ्यानपिढ्या बेदूल नावाची बेदुइन जमात राहत होती. तिथेच शेळ्या, तिथेच चूल, तिथेच बाळंतपणं. १९८५ मध्ये पेट्रा जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच सुमारास या लोकांना शेजारच्या टेकडीवर बांधलेल्या उम्म सैहून नावाच्या वस्तीत हलवलं. घरं मिळाली, वीज-पाणी मिळालं, शाळा मिळाली. पण कुटुंबं वाढली आणि वस्तीला पसरायला जागा नाही, कारण सगळीकडे वारसा. गेममध्ये मी वंडर ठेवतो तेव्हा खालचं शेत पुसलं जातं आणि एक छोटासा आवाज येतो, टुक. शेतावरचा माणूस शहराच्या दुसऱ्या टाइलवर आपोआप कामाला लागतो. त्याला कुणी विचारत नाही, आणि तोही काही बोलत नाही. धरणग्रस्तांच्या गावातले कुणी हे ऐकत असतील तर त्यांना ही 'टुक' किती महाग असते ते मी सांगायला नको.

बरं, गेमला नुसत्या शिव्याच घालायच्या नाहीत. एका ठिकाणी त्याने नेमकं पकडलंय. अंगकोर वाट.

सिव्ह सिक्समध्ये अंगकोर वाट बांधायचं तर अट काय? ॲक्विडक्टला लागून. म्हणजे आधी लांबून पाणी आणणारा पाट काढा, मग देऊळ. आणि फळ काय? तुमच्या सगळ्या शहरांत एकेक लोकसंख्या वाढते आणि घरांची सोयही वाढते. ज्या कुणी हा नियम लिहिला त्याने कंबोडियाचा इतिहास नीट वाचला होता.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलं, मूळचं विष्णूचं देऊळ. पण त्याच्या आधी दोन-अडीचशे वर्षं तिथले राजे पाणी मांडत होते. नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्मनने पूर्व बाराय काढला. बाराय म्हणजे मातीचे बांध घालून केलेला लांबट चौकोनी जलाशय. हा साडेसात किलोमीटर लांब. मग अकराव्या शतकात पश्चिम बाराय, तब्बल आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून थोडा जास्त रुंद. विमानातून बघितलं तर वाटावं कुणीतरी फूटपट्टीने तलाव आखलाय. उत्तरेच्या कुलेन डोंगरातून कालव्यांनी पाणी यायचं, साठायचं, वळायचं. देवळाभोवती जो खंदक आहे तोच जवळजवळ १९० मीटर रुंद.

२०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरच्या साहाय्याने मोजणी केली, ज्याला लायडार म्हणतात. झाडांच्या खालची जमीन दिसली, आणि देवळांच्या भोवती रस्ते, घरांचे उंचवटे, तळी यांची जाळी उघडी पडली. २०२१ च्या एका अभ्यासाने ऐन भरात असताना अंगकोर परिसरातल्या लोकांचा अंदाज सात ते नऊ लाख असा काढला. आपण ज्याला देवळांचा समूह समजत होतो, ते एक प्रचंड पसरलेलं शहर होतं. घरं लाकडाची, ती कुजली. दगड फक्त देवांसाठी, म्हणून देव उरले.

मग हे शहर का ओस पडलं? पाठ्यपुस्तकी उत्तर आहे १४३१ ची अयुथ्थयाची स्वारी. ती झालीच. पण व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांची वर्तुळं मोजली तेव्हा आणखी काहीतरी दिसलं. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या सुरुवातीपर्यंत दशकानुदशकं चाललेले दुष्काळ, आणि त्यांच्या मधे मधे अतिशय जोरदार पावसाळे. कालव्यांचं जाळं इतकं मोठं आणि एकमेकांत इतकं गुंतलेलं की एका ठिकाणी बांध फुटला की ताण पुढच्यावर. दुष्काळासाठी सोय करावी तर पूर येई, पुरासाठी करावी तर पुढची दहा वर्षं कोरडी.

तिथे स्पियन थ्मा नावाचा एक दगडी पूल आहे. तो देवळांचेच दगड काढून बांधलेला. मला ही गोष्ट फार लागते. म्हणजे एक वेळ अशी आली की देवाचा दगड उपसून पाण्याच्या कामाला लावावा लागला. आणि एवढं करून नदीने काय केलं? पुलाला वळसा घातला. आज ती पुलाच्या शेजारून वाहते, काही मीटर खोल पात्र कापून. पूल तिथेच, नदी बाजूला.

माझ्या कॅम्पससारखाच. ठेवला तो ठेवला.

इथे गेमची चूक बारीक आहे, पण आहे. गेममधला ॲक्विडक्ट म्हातारा होत नाही. तिसाव्या टर्नला बांधा, तीनशेव्या टर्नलाही तसाच. २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारात पूर, दुष्काळ, ज्वालामुखी आले, धरणं आली, मजा वाढली. पण गाळ काढायला माणूस लागतो, बांधावर उगवलेली झुडपं उपटावी लागतात, हे त्यातही नाही. अंगकोरच्या राज्यात मोठं काम नवीन तलाव खोदण्याचं नव्हतं, जुने जिवंत ठेवण्याचं होतं. आज त्या भागातले काही जुने जलाशय साफ करून पुन्हा भरले आहेत, उत्तर बाराय त्यातलाच. कारणही ऐकण्यासारखं आहे. ही देवळं वाळूमिश्रित भरावावर उभी आहेत, आणि तो भराव घट्ट राहायला जमिनीतलं पाणी लागतं. शेजारच्या सिएम रीपमध्ये हॉटेलं वाढली, बोअर वाढले, पाणी खाली जायला लागलं, आणि अभ्यासकांच्या पोटात गोळा आला. वंडर अजूनही पाण्यावरच उभं आहे. अगदी शब्दशः.

आपल्याकडचं काही नाही का, असं कमेंटमध्ये विचारणारच तुम्ही. आहे, गेममध्येच आहे. भारत घेऊन खेळलात तर तुम्हाला एक खास गोष्ट बांधता येते, स्टेपवेल. म्हणजे आपली बारव. अन्न वाढवते, वस्ती वाढवते, टेकडीवर चालत नाही, आणि एका बारवेला लागून दुसरी काढता येत नाही. मला हा शेवटचा नियम फार आवडला. दोन विहिरी शेजारी-शेजारी खोदल्या तर एकमेकींचं पाणी पळवतात, हे आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. बारव ही अशी इमारत आहे की ती जमिनीच्या वर दिसतच नाही. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, अठराव्या शतकातली. पायऱ्या उतरून खाली जावं तेव्हा कळतं की आत दगडी महालच आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं? शेत.

आणि औरंगाबाद, आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाजागी शहर वसवलं, आणि उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवलं. नबातींना ही गोष्ट लगेच समजली असती. त्या शहरात गेलेला माणूस फोटो कशाचा काढतो? बीबी का मकबऱ्याचा. मीही तोच काढलाय, पाचवीच्या सहलीत, डब्यातल्या पुरी-भाजीचे हात पुसून. अल खझनेही समाधी, हीही समाधी. नहर-ए-अंबरी पायाखाली होती, आणि आमच्या सरांनी तिचं नावही घेतलं नाही. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या सरांनीही घेतलं नसेल.

२०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या सातव्या भागात नियम थोडा सैल झालाय, नव्या युगात जुन्या इमारतीच्या जागी नवी चढवता येते. खऱ्या शहरांच्या हे जास्त जवळ जाणारं आहे. पण वंडर ठेवलं की तिथेही ते कायमचंच. आणि खरं सांगू? मला अजून सहावाच आवडतो. चूक पुसता येत नाही म्हणूनच त्यात घाम फुटतो.

तर हा भाग तयार करताना मी ती जुनी सेव्ह फाइल पुन्हा उघडली. माझं ते चार लोकसंख्येचं शहर. म्हटलं बघू, पेट्रा नसताना काही करता आलं असतं का.

गेमचा नियम असा: जवळ गोडं पाणी नसलेल्या शहराला घरांची मर्यादा फक्त दोन. नदीकाठी पाच. म्हणून माझं शहर अडकलं होतं. शेती होती, माणसं राहायला जागा नव्हती. आणि ॲक्विडक्टची अट काय? एका बाजूला शहराचं केंद्र, दुसऱ्या बाजूला नदी, तलाव, ओॲसिस किंवा डोंगर. डोंगर! माझ्याकडे दोन डोंगर होते. ज्यांच्या नादाने मी कॅम्पस चुकीच्या जागी टाकला तेच. त्यातल्या एका डोंगराच्या आणि शहराच्या बरोबर मधे एक टाइल होती. ॲक्विडक्टला लोकसंख्येची अटही नसते. इंजिनिअरिंगचा शोध मला पेट्राच्याही आधी लागलेला. मी ती टाइल दाबून बघितली. सव्वाशे टर्न झाले, ती टाइल रिकामी होती.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी, विषय तुम्हीच सुचवा. आणि तुमच्या गावात एखादी बारव, पाट, जुनी नहर असेल तर तिचा फोटो पाठवा. कचऱ्याने भरलेली असेल तरी चालेल, तसाच पाठवा. भेटू.